मुंगीच्या दारात कोण गेले होते?

(द्वितीय वर्ष, कला)

मुंगी आणि टोळ यांची गोष्ट ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडायचा नाही. मुंगी उन्हाळाभर दाणे साठवते, टोळ गात बसतो. पुढे थंडीचे दिवस येतात. टोळाची उपासमार होते, तो मुंगीच्या दारात जाऊन चार दाणे मागतो. आणि मुंगी त्याला सुनावते की उन्हाळ्यात गायलास ना, मग आता नाच! चौथीत असताना ही गोष्ट मी वर्गापुढे हातवारे करून सांगितली होती आणि गुरुजींची शाबासकी मिळवली होती. आपण मुंगीच्या बाजूच्या आहोत याबद्दल तेव्हा मला शंका नव्हती. गरिबाघरच्या मुलीने दुसऱ्या कुणाच्या बाजूचे असायचे?

शंका आली ती फार उशिरा. बारावीच्या निकालानंतर आमच्या भागात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. नारळ, गुलाबाचे फूल आणि दोनशे पानी वही असा तो सत्कार. आई एक दिवसाचा रोज बुडवून आली होती. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात हीच गोष्ट सांगितली आणि मग तिचा अर्थ उलगडून दाखवला. जी मुले संगणक, नर्सिंग, हिशेबाचे काम असले काही शिकतात त्या मुंग्या. जी बी. ए. ला जातात, कविता, इतिहास, तत्त्वज्ञान असले विषय घेतात, ते टोळ. तीन वर्षे गातील आणि चौथ्या वर्षी नोकरीसाठी दारोदार फिरतील. मांडवात मोठा हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते, कारण पाहुणे विनोद करीत असता न हसणे बरे दिसत नाही. माझ्या पिशवीत त्या वेळी कला शाखेचा प्रवेश अर्ज होता.

परतताना एस. टी. त आई बराच वेळ गप्प होती. मला वाटले, आता ती विचारणार की हे तू काय घेतलेस. परंतु ती म्हणाली, "ती मुंगी लई वंगाळ बोलली गं. दारात आलेल्याला कुणी आसं बोलतं व्हय?"

आईचा आक्षेप माणुसकीचा होता. माझा आक्षेप त्याहून साधा आहे, आणि तो मला वर्षभराने एका पुस्तकात सापडला. तो असा की ही गोष्ट खोटी आहे. गोष्टी खोट्याच असतात, प्राणी बोलत नाहीत, हे मलाही कळते. परंतु आपले पाहुणे ती गोष्ट म्हणून सांगत नव्हते, ते ती दाखला म्हणून देत होते. निसर्गातच बघा, असे ते म्हणाले. ठीक आहे, निसर्गात बघू.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ कथेत टोळ नाहीच. ती कथा ग्रीकांची, इसापाच्या नावावर चालत आलेली. तिच्यात मुंग्यांच्या दाराशी जातो तो सिकाडा. सतराव्या शतकात ला फोंतेन या फ्रेंच कवीने ती पद्यात बांधली. 1668 साली निघालेल्या त्याच्या कथासंग्रहात ती अगदी पहिली आहे, आणि तिच्यातही सिकाडाच आहे. त्याला फ्रेंचमध्ये 'सिगाल' म्हणतात. पुढे उत्तर युरोपात, विशेषतः इंग्रजीत, हा किडा लोकांच्या पाहण्यातलाच नसल्यामुळे त्याच्या जागी टोळ येऊन बसला. इंग्रजीतून ती आपल्याकडे आली आणि आपल्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हिरवा नाकतोडा सारंगी वाजवू लागला. गंमत अशी की सिकाडा आपल्या पाहण्यातला आहे. सह्याद्रीच्या रानात मे-जूनमध्ये भर उन्हात झाडांवरून कानठळ्या बसवणारी किर्रर्र ऐकू येते ती या कुळातल्या किड्यांचीच. आपण त्याला सरसकट रातकिडा म्हणून मोकळे होतो. रातकिडा वेगळा. तो जमिनीवर, रात्री, पंखावर पंख घासून वाजतो. सिकाडाची तऱ्हा निराळी आहे, ती पुढे सांगते. म्हणजे ज्यांनी सिकाडा ऐकला होता अशा आपण मंडळींनी, ज्यांनी तो ऐकला नव्हता त्यांच्याकडून ही गोष्ट उसनी घेतली आणि त्यांची चूकही तिच्याबरोबर घेतली!

आमच्या ग्रंथालयात विज्ञानाचे एकच कपाट आहे आणि त्याला कुलूप असते. कलेच्या विद्यार्थ्याला त्यातले काय लागणार, असा त्यामागे विचार असावा. मी तिथे गेले ती निबंधस्पर्धेसाठी काही तरी वेगळे हवे म्हणून. हाताला लागले ते जाँ-आंरी फाब्र या फ्रेंच माणसाच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर, बर्नार्ड मिआल यांनी केलेले. किड्यांचे सामाजिक जीवन असा त्याचा विषय. पहिल्याच प्रकरणाचे नाव सिगाल आणि मुंगी यांच्या कथेवर बेतलेले होते. भाषांतरकाराने सिगाल हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवला होता, त्यामुळे शब्दकोशात तो मिळेना आणि पहिला दिवस त्यातच गेला. पुढे दीड महिना मी ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. स्पर्धेची तारीख केव्हाच उलटून गेली.

फाब्र दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हाँस प्रांतात राहत असे. तो मुलूख आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. चुनखडीचे खडक, पातळ माती, पावसाविना जाणारा उन्हाळा आणि त्यात तग धरून असलेली खुरटी, सुवासिक झुडपे. अशा झुडपी रानाला तिकडे 'गारिग' म्हणतात. मधून मधून ऑलिव्ह, पाइन, बदामाची झाडे. 1879 साली फाब्रने सेरिन्याँ या खेड्याजवळ अशीच सुमारे एक हेक्टर जमीन घेतली. तिथल्या बोलीत तिला 'आर्मास' म्हणत. म्हणजे जिच्यात नांगर चालत नाही अशी, दगडगोट्यांची, रानझुडपांना सोडून दिलेली जमीन. आपण जिला पडीक म्हणून सातबाऱ्यावर एका शब्दात उडवून लावतो तीच. शेजाऱ्यांच्या हिशेबी ती कवडीमोल होती. फाब्रला किडे पाहण्यासाठी तशीच हवी होती, आणि 1915 साली मरेपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, तो तिथे बसून पाहत राहिला. त्याच्या कीटकविषयक ग्रंथाचे दहा खंड 1879 ते 1907 या काळात निघाले. सिकाडाचा भाग पाचव्या खंडात, 1897 सालचा आहे.

त्याने जास्त करून पाहिला तो त्या भागातला मोठा सिकाडा. युरोपातल्या सिकाडांमध्ये हा सर्वांत मोठा. त्याचे शास्त्रीय नाव लायरिस्टीस प्लिबेयस. 'प्लिबेयस' हा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ सामान्य जनांपैकी, खालच्या रयतेतला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काही असो, मला ते वाचून बरे वाटले.

या प्लिबेयसाचे आयुष्य पाहुण्यांनी एकदा ऐकावे. मादी वाळक्या काटकीत ओळीने तीस-चाळीस बारीक छिद्रे पाडते आणि दर छिद्रात दहाएक अंडी घालते. सगळी मिळून तीन-चारशे. ती हे करीत असताना एक इवलीशी गांधीलमाशी तिच्या मागोमाग सरकत असते आणि तिने भरलेल्या छिद्रात आपली अंडी घालते. त्या माशीची अळी सिकाडाची अंडी खाऊन वाढते. मादीने नुसता पाय टाकला तरी त्या माशीचा चुरा होईल, पण ती तिच्याकडे लक्षच देत नाही. उरल्या अंड्यांतून शरद ऋतूत पिल्ले बाहेर पडतात, ती पिसवेएवढी असतात. ती काटकीवरून खाली येतात, मऊ माती शोधतात आणि जमिनीत शिरतात. शिरतात ती फाब्रच्या हिशेबाने चार वर्षांसाठी.

चार वर्षे अंधारात हे पिल्लू काय करते? मुळीला सोंड लावून रस पिते. हा रस म्हणजे मुळांतून वर चढणारे पाणी. त्यात अन्नाचा अंश फार थोडा, म्हणून पुष्कळ प्यावे लागते आणि वाढ सावकाश होते. त्याला दुसरे काही खाता येतच नाही, कारण त्याला चावायला तोंडच नाही, नुसती सोंड आहे. मी हे वाचले तेव्हा थांबले. ज्याला निकृष्ट अन्नावर वाढायचे आहे त्याला वेळ जास्त लागतो, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

उन्हाळा मध्यावर आला की पिल्लू वर यायला लागते. पायवाटेसारख्या कठीण, तापलेल्या जमिनीत बोट सहज जाईल एवढी गोल भोके दिसू लागतात. फाब्रने ती खणून पाहिली. भोक सुमारे चाळीस सेंटिमीटर खोल, सरळ, आतून गुळगुळीत. आणि तोंडाशी मातीचा ढीग नाही! उंदीर किंवा खेकडा बीळ करतो तेव्हा तोंडाशी माती पडलेली असते. मग या भोकातली माती गेली कुठे? फाब्रने हा प्रश्न सोडला नाही. त्याला आढळले की वर येणाऱ्या पिल्लाच्या अंगात पाणी भरलेले असते. कोरडी माती खरवडायची, तिच्यावर अंगातले पाणी सोडायचे, चिखल करायचा आणि तो भिंतीच्या फटींत दाबून बसवायचा. पाणी संपले की परत तळाशी जायचे. तळाशी एखादी जिवंत मुळी राखून ठेवलेली असते, तिच्यातून पाणी भरून घ्यायचे आणि पुन्हा वर येऊन लिंपायला लागायचे. छतापाशी बोटभर जाडीची माती ठेवून आत थांबायचे. बाहेर पाऊस-वारा असला तर खाली परतायचे, ऊन असले तर छत फोडायचे. आमच्या घराच्या भिंती मातीच्या होत्या तोवर दर वर्षी दिवाळीआधी आई त्या अशाच लिंपीत असे. या कामाला गाणे म्हणत नाहीत.

बाहेर आल्यावर पिल्लू झुडपावर चढते, पाठ उकलते, आतून फिकट हिरवा, ओला सिकाडा निघतो. तासा-दोन तासांत त्याचा रंग पालटून गडद होतो, पंख ताठ होतात. फांदीवर कोरडी कात तशीच चिकटून राहते. आणि मग तो गातो, पाच-सहा आठवडे. चार वर्षांच्या शेवटी पाच-सहा आठवडे! पाहुण्यांनी हिशेबाचे नाव काढले होते म्हणून हा हिशेब मांडला.

गातो तो फक्त नर. त्याच्या पोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना शिरा असलेला एक एक ताठ पडदा असतो. आतला स्नायू तो खेचतो, पडदा आत दबतो, सुटला की उलट फुगतो. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबले की टक् असा आवाज येतो, तोच प्रकार. फक्त सेकंदात शेकडो वेळा. पोट बहुतेक पोकळ असते, त्यामुळे आवाज घुमतो. थोडे विषयांतर करून सांगते, ला फोंतेनच्या कवितेत गाणारी आणि भीक मागणारी 'ती' आहे, कारण फ्रेंच भाषेत सिगाल हा शब्द स्त्रीलिंगी. जी मादी आयुष्यात एक सूरही काढत नाही, तिच्यावर गात बसल्याचा ठपका! याहून जास्त यावर लिहीत नाही.

आता मुंगीकडे येते. फाब्र सांगतो की जुलैच्या दुपारी सगळे किडे तहानेने व्याकूळ होऊन वाळल्या फुलांवर भटकत असतात, तेव्हा सिकाडा फांदीवर बसून आपली सोंड सालीत घुसवतो आणि रस पितो. छिद्राभोवती रस पाझरू लागतो. तो पाहून गांधीलमाश्या येतात, माश्या येतात, सोनेरी भुंगे येतात, आणि सर्वांत जास्त येतात त्या मुंग्या. लहान मुंग्या त्याच्या पोटाखालून रसाकडे जातात. सिकाडा पाय उंचावून त्यांना वाट देतो. मग गर्दी वाढते आणि त्या धीट होतात. त्याच्या पायाला चावतात, पंख ओढतात, पाठीवर चढतात. एका मुंगीने तर त्याची सोंड धरून ती बाहेर ओढायचा प्रयत्न केला, तो फाब्रने डोळ्यांनी पाहिला. अखेर कंटाळून सिकाडा त्यांच्यावर पाण्याची चिळकांडी सोडून उडून जातो. झरा मुंग्यांच्या ताब्यात येतो. पण उपसणारा गेल्यामुळे तो लवकरच आटतो, आणि मुंग्या दुसऱ्या सिकाडाची वाट पाहत बसतात.

उलट बाजूने पाहा. सिकाडा मुंगीच्या दारात जाणे शक्य आहे काय? तो दाणा खाऊ शकत नाही, त्याला फक्त पिता येते. आणि हिवाळ्यात तो असतोच कुठे? उन्हाळा संपायच्या आत तो मरून झाडाखाली पडलेला असतो. त्याचे पंख अजून थरथरत असताना मुंग्या त्याला तोडतात आणि तुकडे ओढून वारुळात नेतात. दोघांच्या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुंगीवर अन्याय नको म्हणून हेही लिहिते. भूमध्य समुद्राच्या काठी खरोखरच दाणे साठवणाऱ्या मुंग्या आहेत. मॉग्रिज नावाच्या एका इंग्रज माणसाने दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांची कोठारे पाहून 1873 साली त्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे ग्रीक कथेतली मुंगी खरी आहे, बेणे-दाणे वेचून नेणारी. खोटे आहे ते दारातले संभाषण.

फाब्रला या कथेचा इतका राग का यावा, याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटले. मग त्याचे चरित्र वाचले. तो 1823 साली एका डोंगराळ खेड्यात गरीब घरात जन्मला. घराण्यात पुस्तकाची परंपरा नव्हती. पोरवयात त्याने जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. परीक्षा देऊन शिक्षकांच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळवली आणि 1842 साली प्राथमिक शिक्षक झाला. पुढे आव्हिन्याँ शहरात शिकवत असताना त्याने संध्याकाळच्या मोफत वर्गात मुलींनाही घेतले आणि त्यांना फुलांतले फलन कसे होते ते सांगितले. मुलींना असले शिकवतो म्हणून गावात गहजब झाला, त्याचे वर्ग गेले आणि घरमालकिणींनी त्याला घर सोडायला लावले. 1870 च्या सुमाराची ही हकीकत. त्या वेळी जॉन स्टुअर्ट मिलने त्याला पैसे उसने दिले. आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात मिलचे एक प्रकरण आहे. त्यात हे नाही. असो. सांगायचे एवढेच की ज्याचे निम्मे आयुष्य मातीखाली गेले होते, त्याला सिकाडावरची थट्टा सोसली नाही, यात नवल नाही. प्रोव्हाँसच्या बोलीतली, याच कथेला उलटवणारी एक कविताही त्याने प्रकरणात घातली आहे, एका मित्राची म्हणून. पंडितांच्या फ्रेंचमध्ये झालेला अन्याय त्याने गावच्या बोलीत धुऊन काढला.

ग्रीकांनी ही कथा केली हे खरे, परंतु त्यांचे सिकाडाविषयी तेवढेच म्हणणे नव्हते. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस आणि त्याचा तरुण मित्र भर दुपारी नदीकाठी झाडाखाली बसलेले आहेत, वर सिकाडा गात आहेत. सॉक्रेटिस सांगतो की हे पूर्वी माणसे होते. जगात प्रथम गाणे आले तेव्हा ते त्यात इतके रंगले की अन्नपाणी विसरले आणि न कळत मरून गेले. त्यांचेच सिकाडा झाले, आणि पृथ्वीवर कोण विद्येची, कलेची कदर करतो हे ते देवतांना जाऊन कळवतात. अथेन्सचे जुने लोक केसांत सोन्याचा सिकाडा खोवीत, हे थ्युसिडिडीज या इतिहासकाराने नोंदले आहे; आपण याच मातीतून उपजलो याची ती खूण, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. एकाच किड्याबद्दल एकाच लोकांत दोन गोष्टी होत्या. त्यांतली मुंगीची आपल्या पाठ्यपुस्तकात आली. दुसरी का आली नाही, याचा विचार मराठीच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी करावा अशी माझी विनंती आहे.

ही कथा मुळात भारतातून ग्रीसला गेली असावी असा फाब्रचा एक तर्क आहे. तो तर्कच आहे, पण त्यामुळे मला आमच्या गावच्या खळ्याची आठवण झाली. मी पाहिलेल्या नव्हे, आईने सांगितलेल्या. तिच्या लहानपणी खळ्यावर रास पडली की वासुदेव यायचा, गोंधळी यायचे; गाणाऱ्याच्या झोळीत सुपाने धान्य पडायचे. आमच्या खेड्यातली मुंगी गाणाऱ्याला दाणा देत होती. अर्थात हे चित्र मी गोड करून सांगत नाही. त्या खळ्यावर कोणी किती अंतरावर उभे राहायचे तेही ठरलेले होते, आणि काहींच्या वाट्याला दाण्याबरोबर शिवीही यायची. ते खळे परत यावे असे मला वाटत नाही. पण दारात आलेल्याला "नाच" म्हणणे तिथेही ओंगळ ठरले असते. आईच्या बोलण्यात जे आले ते तिथून आले असावे.

आणि आईविषयी एक सांगायचे राहिले. आम्हांला शेत नाही. सुगी उरकली की आई इतर बायकांबरोबर लोकांच्या रानात सरवा वेचायला जाई. पडलेली कणसे, सांडलेले दाणे. दिवसभर वाकून पाटीभर व्हायचे. त्या गोष्टीतली मुंगी जर कोणी खरोखर असेल तर ती माझी आई आहे. पाहुण्यांना वाटले, ते तिच्या बाजूने बोलत आहेत. तिने मात्र एस. टी. त बसल्या बसल्या दुसरी बाजू घेतली.

इथे माझ्या मनातली एक अडचण लिहून टाकते, नाही तर वाचकांपैकी कोणी तरी ती काढीलच. मी मुंगीची गोष्ट खोटी ठरवली आणि तिच्या जागी सिकाडाची खरी गोष्ट ठेवून कला शाखेची वकिली केली, तर मीही त्या पाहुण्यांसारखेच केले. किडा गातो तो मादीला बोलावण्यासाठी. त्याला कला माहीत नाही आणि कष्टाचा अभिमानही नाही. मुंगी लुटारू नाही, तहानलेली आहे. फाब्रही प्रत्येक वेळी बरोबर होता असे नाही. सिकाडाला ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्याने गावच्या उत्सवातल्या दोन तोफा मागून आणून झाडाखाली उडवल्या. वर गाणे जराही थांबले नाही, तेव्हा हा किडा बहिरा किंवा जवळजवळ बहिरा असला पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला. तो चुकला. सिकाडाला कान आहेत, नराला आणि मादीलाही, आणि ते मुख्यतः आपल्या जातीच्या गाण्याच्या पट्टीला लागलेले असतात. तोफेचा ढुम्म त्यांच्या जगातला नाही. डार्विनने फाब्रच्या निरीक्षणाची वाखाणणी केली होती, पण फाब्रने डार्विनचा सिद्धान्त अखेरपर्यंत मानला नाही. तिथेही तो चुकलाच. पण तोफेच्या बाबतीत त्याने काय केले, किती वाजता केले, काय ऐकू आले ते सगळे लिहून ठेवले आहे, म्हणून मागून येणाऱ्यांना त्याची चूक काढता आली. आमच्या पाहुण्यांच्या गोष्टीत चूक काढायला जागाच नव्हती. नुसते हसायचे होते.

म्हणून मी कला शाखेचा बचाव किड्याच्या आधाराने करणार नाही. बी. ए. करून मला नोकरी लागेल का, हे मला ठाऊक नाही. वडिलांनाही याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्या काळजीबद्दल कोणी फी, वसतिगृह, जाहिराती, जागा यांचे आकडे घेऊन बोलले तर मी वही घेऊन पहिल्या ओळीत बसेन. टोळाची गोष्ट घेऊन बोलले तर या खेपेला हसणार नाही.

गेल्या आठवड्यात जोंधळे निवडता निवडता आईला ही सगळी हकीकत सांगितली. भोकातली माती भिंतीला लिंपतो हे तिला फार पटले. चार वर्षे मुळीपाशी म्हटल्यावर तिने हात थांबवून विचारले, "तितं खातंय काय ते?" मी म्हटले, पाणीच, मुळीतले. ती काही बोलली नाही; सुपातले खडे वेचत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग वर आल्याव वरडू दे की त्येला."

पुस्तक मी ग्रंथालयात परत केले आहे. विज्ञानाच्या कपाटात खालून दुसऱ्या खणात, कापडी बांधणीचे, पुठ्ठा सुटलेले. किल्ली मागावी लागते.